मागे बघ

इदायरा सतरा वर्षांची, मी सत्तेचाळीसची.
ती मला अगं-तुगं करते,
मी तिला सूर्यफुलाच्या बिया पुरवते.
शिकवणीची फी एवढीच.

पोसोच्या किनाऱ्यावर वाळू नाही,
गोटे आहेत, काळे, भाकरीएवढे,
आणि जुलैत वारा असा
की बोलायचं तर कानाला लागून,
भांडायचं तर घरी जाऊन.
माझं शीड सगळ्यांत लहान,
तरी दाव्याला बांधलेल्या खोंडासारखं हिसडे देतं.

"पुढची कोलांटी अवघड नाहीच," ती म्हणते,
"अवघड आहेस तू."

आधी कोरड्यावर. क्लबामागच्या सिमेंटवर
शीड धरून उभी राहा.
पुढचा हात ताठ, डोलकाठी पुढे लोट, वाऱ्याच्या अंगाला.
मागचा हात दांड्यावर मागे सरकव, आणखी,
वेडेपणा वाटेल तितका मागे.
आता ओढ. गुडघे पोटाशी.
आणि मागे बघ, उजव्या खांद्यावरून,
जिथून आलीस तिथे.
मान वळते तिकडे बाकीची बाई जाते.

उलटायचं पुढे आणि बघायचं मागे:
तीन आठवडे डोक्यात शिरलं नाही.
मी गांदोच्या विमानतळावर सामान चढवते,
बावीस वर्षं झाली.
तिथे जे उचललं त्याच्यावरून नजर हलवायची नसते.

पाण्यावर गोष्ट वेगळीच.
लाट येते, उंबरठ्याएवढी,
बोर्ड सुटतो, पाण्याचा आवाज बंद होतो,
आणि नेमका तेव्हा मागचा हात
माझा राहत नाही.
उघडतो.
जणू कोणी दार वाजवलं आणि तो कडी काढायला धावला.
शिडातला वारा सांडतो,
मी पाठीवर, फरशीवर पडावं तशी.
हेल्मेटात पाणी, नाकात मीठ,
बरगड्यांवर जांभळा नकाशा;
आमची सातही बेटं त्यात सापडतील,
ला ग्रासिओसा धरली तर आठ.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर बेनेआरोने
माझा दंड पाहिला, आवाज खाली आणला:
"घरी कोणी त्रास देतं का?"
घरी कोणी नाही, म्हटलं.
त्याला ते उत्तर आवडलं नाही.
दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या वाटच्या जड पेट्या उचलल्या,
न विचारता, आणि मी उचलू दिल्या.

मोजायचं मी साठनंतर सोडलं.

ज्या दिवशी झालं तो दिवस काही खास नव्हता.
सकाळी एक चेलो चुकीच्या विमानात गेला होता,
माझ्या हातून,
आणि त्याचा मालक काचेपलीकडे उभा होता,
रागावलेला नाही, नुसता उभा.
मी त्याचाच विचार करत लाटेवर गेले.
हाताला सुटायची आठवण झाली नाही.

मान वळली.
किनारा उलटा. गोटे वर, आभाळ खाली,
पवनचक्क्या वटवाघळांसारख्या लटकलेल्या,
तशाच गरगर फिरत.
मग पाणी, पाठीखाली, पण या वेळी जागा देणारं.
पाय अजून पट्ट्यांत, दांडा अजून मुठीत,
आणि शिडानेच मला दंडाला धरून उभं केलं,
वर्गात पेंगणाऱ्या पोराला करतात तसं.

काठावर इदायरा माझ्याकडे पाठ करून,
फोनवर कोणाशी तरी हसत.
"पाहिलंस?" मी ओरडले.
"काय?"
"पवनचक्क्या लटकल्या होत्या!"

ती बी सोलायची थांबली.
फोनमध्ये "थांब जरा" म्हणाली.
मला खालपासून वरपर्यंत पाहिलं,
जणू मीच आत्ता कुठून तरी उतरले होते.

मग बियांची पुडी माझ्यापुढे धरली.
रिकामी होती.